निदान रेषा

मन हा देहाचा सम्राट आहे. त्याने आज्ञा करावी आणि हाडामांसाच्या अवघ्या राज्याने मान तुकवावी, हाच सृष्टीचा आद्य नियम आहे. हा नियम ठाण्याला नौपाड्यातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या संमोहन उपचार केंद्राच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लावलेला होता. आणि त्याच्या बरोबर खाली चिकटपट्टीने एक कागद डकवला होता : ‘टॉयलेट बंद आहे. खाली झेरॉक्सवाल्याकडे चावी मागणे.’

धनेशने सम्राट वाचला, कागदही वाचला. पोटाने मात्र फक्त कागद वाचला. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, ती ओळखीची कळ जागी झाली. कुणी लांबून हाक मारावी, पण नाव घेऊ नये, तशी. तोवर सगळं ठीक होतं. शीळफाट्याजवळच्या घरातून निघण्यापूर्वी तो दोनदा जाऊन आला होता, मुंब्र्याच्या बायपासवर ट्रकांच्या मागे गाडी अडकली तेव्हाही आत शांतता होती, आणि खाली गाडी लावताना तर त्याने एक पुसटशी शीळसुद्धा घातली होती. शीळ घालायला नको होती, असं त्याला आता वाटलं. गेल्या तीन वर्षांत त्याच्या डोक्यात जिल्ह्याचा एक स्वतंत्र नकाशा तयार झाला होता. त्यात देवळं नव्हती, पूल नव्हते, माणसंही फारशी नव्हती. कल्याण म्हणजे स्टेशनबाहेरचं एक उडप्याचं हॉटेल, डोंबिवली म्हणजे मेहुणीचा फ्लॅट, वागळे इस्टेट म्हणजे मित्राच्या वर्कशॉपचा मागचा भाग, आणि ठाकुर्ली म्हणजे कोरी जागा, तिथून लवकर निघायचं. नौपाड्याच्या जागी त्याने ह्या केंद्राचा दुसरा मजला मोठ्या विश्वासाने टिपून ठेवला होता. पोटाचा इलाज करणाऱ्यांकडे निदान एवढी सोय असणारच, इतका भाबडेपणा पन्नाशीला आलेल्या माणसाने ठेवायला हरकत नसावी. आणि झेरॉक्सवाल्याकडे चावी मागायची म्हणजे काय करायचं? आधी एखादं आधार कार्ड तरी झेरॉक्स करून घ्यायचं, की सरळ हात पुढे करायचा?

“आज चेहरा असा का?” आसावरी मॅडमनी दार उघडत विचारलं. हे केंद्र त्यांचंच. आवाज असा की उतू जाणारं दूधही क्षणभर थांबावं.

“बाहेर कागद लावलाय.”

“हो, अहो, प्लंबर उद्या येतोय. तुम्हाला जायचंय का?”

“नव्हतं जायचं. पण तुम्ही विचारलंत ना, आता वाटायला लागलं.”

“बघा! मनाची ताकद बघा,” मॅडम आनंदाने म्हणाल्या आणि त्यांनी त्याला मागे कलणाऱ्या खुर्चीत बसवलं.

मनाची ताकद तो तीन वर्षं बघतच होता. आधी दुर्बीण घालून झाली, रक्त तपासून झालं, आणखीही जे काही तपासता येतं आणि चारचौघांत सांगता येत नाही ते तपासून झालं. प्रत्येक वेळी डॉक्टर कागदांवरून मान वर करून, पोरगा पास झाल्यासारखे हसून सांगायचे, ‘सगळं नॉर्मल आहे.’ नॉर्मल! रस्त्यात मधेच गाडी थांबवून अनोळखी माणसाच्या सोसायटीत वॉचमनच्या पाया पडायचं, हे नॉर्मल? शेवटी कल्याणच्या एका पोटाच्या डॉक्टरने त्याला तीन इंग्रजी अक्षरं दिली, आयबीएस. म्हणजे काय, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, “म्हणजे आतड्याला काही झालेलं नाही, पण ते चिडकं आहे. डोकं आणि पोट एकमेकांशी चुकीचं बोलतात.” गोळ्या दिल्या, दूध बंद केलं, गहू बंद केला, मग गहू चालू करून कांदा बंद केला, आणि सगळं बंद करून झाल्यावर हा संमोहनाचा पत्ता दिला. ह्याचा गुण येतो, परदेशात बऱ्याच जणांना आलाय, सवड काढून जा, म्हणाले. कबड्डीत निदान रेषा तरी आखलेली असते. चढाई करणाऱ्याने ती निदान रेषा एकदा ओलांडली की त्याचं काम झालं, मग तो परतायला मोकळा. इथे तीन वर्षं झाली, त्याला निदान मिळालं होतं, पण परतायची रेषा काही दिसत नव्हती.

मोकळा. हाच तो शब्द. पहिल्या दिवशी मॅडमनी खोलीतले दिवे मंद केले, डोळे मिटायला लावले आणि त्या दुधाळ आवाजात म्हणाल्या, “आता सगळं सैल सोडा. पोट सैल सोडा. मोकळे व्हा... अगदी मोकळे व्हा...” आणि धनेश डोळे उघडून ताठ बसला. त्यांच्या घरात ‘मोकळं होऊन ये’ ह्या वाक्याचा एकच अर्थ होता, आणि आई आवडाबाई तो त्याला वयाच्या दुसऱ्या वर्षापासून, हातात तांब्या देऊन, समजावत आली होती. ज्या एका गोष्टीच्या भीतीने तो माणसांतून उठला होता, तीच गोष्ट ही बाई त्याला गालिचावर, मागे कलणाऱ्या खुर्चीत, आग्रहाने करायला सांगत होती.

“मॅडम, तो शब्द जरा बदलता येईल का?”

“कुठला?”

“मोकळे.”

मॅडमनी विचार केला. “मुक्त म्हणू?”

“मुक्त म्हणजे वारल्यासारखं वाटतं.”

“मग नुसतं सैल?”

“सैल तर अजिबातच नको.”

“मग तुम्हीच सांगा.”

“टाइट चालणार नाय का?”

त्या दिवशी बराच वेळ ह्यातच गेला आणि शेवटी ‘निवांत’वर तह झाला. मॅडमनी त्यांच्या छापील कागदावर पेन्सिलने जिथे जिथे मोकळं होतं तिथे तिथे निवांत केलं. नदीचंही तसंच झालं. “एक संथ, स्वच्छ, निळी नदी डोळ्यांसमोर आणा, ती नदी म्हणजे तुमचं आतडं,” असं त्या म्हणाल्या तेव्हा धनेशने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण त्याच्या डोळ्यांसमोर गावामागची खाडी आली, आणि खाडीचं पाणी भरतीला उलटं चढतं. आतड्यात पाणी उलटं चढू लागल्यावर त्याने पुन्हा डोळे उघडले. नदीच्या जागी मग जिना आला. जिना उतरत उतरत खाली जायचं. खाली काय आहे हे त्याने विचारलं नाही, पण त्याच्या मनाने खाली झेरॉक्सचं दुकान ठेवलं.

ह्या सगळ्याची घरात काय किंमत होती ते आवडाबाईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “झोपाला ठान्याला जातस? घरान खाट नाय काय?” त्यावर भावना, त्याची बायको, पोळ्या लाटता लाटता हसली होती आणि मग त्याचा चेहरा बघून पुन्हा पोळीकडे वळली होती. तिला माहीत होतं की प्रश्न पोटाचा नव्हता, शिट्टीचा होता. धनेशकडे बाकी सगळं आयतं होतं. आजाची भातशेती होती, बापाने ती बिल्डरला दिली, शेतावर टॉवर उभा राहिला, टॉवरमधल्या सहा घरांचं भाडं धनेशच्या खात्यात येऊन पडायचं. त्यात त्याने काही केलं नव्हतं, नुसता जन्म घेतला होता. कबड्डी तेवढी त्याची स्वतःची. आधी खेळाडू म्हणून, गुडघा गेल्यावर पंच म्हणून. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि चौदा आडदांड पोरं त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर आत-बाहेर होतात, ह्याच्या पुढे सहा घरांचं भाडं म्हणजे काही नव्हतं. आणि मग डिसेंबरात कल्याणची उपांत्य फेरी. शेवटची मिनिटं, गुणांची बरोबरी, चढाईला गेलेला पोरगा मधल्या रेषेवर आडवा, त्याच्या अंगावर चौघे, हात रेषेला लागला की नाही ह्यावर मैदान श्वास रोखून धनेशकडे बघतंय, आणि धनेशच्या आत कोणीतरी नाव घेऊन हाक मारली. त्याने शिट्टी फुंकली, दोन्ही हातांनी टाइमआउटची खूण केली आणि पळाला. मागून लाउडस्पीकरवर समालोचक म्हणत होता, “पंचांना तातडीचं काम निघालेलं आहे, रसिकांनी सहकार्य करावं.” त्याचा व्हिडिओ निघाला. त्याला संगीतही लावण्यात आलं. पांढऱ्या पँटीतला एक माणूस गुडघे जवळ ठेवून धावतो आहे, आणि मागे सनई. त्याच्या भाच्याने तो त्यालाच पाठवला होता, खाली हसणारे चेहरे टाकून, मामा आहे हे न ओळखता. तेव्हापासून कल्याणच्या शाळेत हयातभर पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, पंचांच्या पॅनेलचे प्रमुख असलेल्या श्रीपाद सरांनी त्याला गुणलेखकाच्या टेबलावर बसवलं होतं. “तू जरा टेबलावर बस” हे ते ज्या मऊ आवाजात म्हणाले, त्या आवाजात ते आयुष्यात कुणाशी बोललेले नव्हते, आणि धनेशला तेच सर्वांत लागलं होतं. येत्या रविवारी त्याच्याच गावच्या मैदानावर अंतिम सामना होता. गावकऱ्यांनी गळ घातली म्हणून सरांनी मान्य केलं, पण फोनवर स्पष्ट सांगितलं, “शेवटपर्यंत उभा राहिलास तर तू पंच. नाही तर ह्यापुढे येऊन खुर्चीत बसायचं, नारळ घ्यायचा, फोटो काढायचा.”

“श्वास आत घ्या,” आजही मॅडम म्हणाल्या. “आता हळूच सोडा.”

आणि हाही घोळच होता. श्वास सोडा. ज्या माणसाला लहानपणापासून शिकवलंय की समोरच्याच्या अंगणात दम सुटला की गडी बाद, त्याला म्हणायचं श्वास सोडा. धनेशच्या बरगड्यांना ते पटत नव्हतं. त्या आवाज ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि थोडासाच श्वास सोडून बाकीचा लपवून ठेवायच्या. डोळे मिटलेले, जिना अर्धा उतरून झालेला, पोटात ती हाक अजून लांबूनच. आणि त्याला वाटलं की आपण तीन वर्षं कुणाच्या तरी अंगणात दम धरून उभे आहोत, कबड्डी कबड्डी म्हणत, चहूबाजूंनी आपलीच आतडी हात पसरून उभी आहेत, आणि मधली रेषा मागे कुठे गेली ते वळून बघायची सोय नाही. दूरवरून मॅडमचा आवाज आला, “असा एक क्षण आठवा, जेव्हा तुमचं शरीर पूर्ण तुमच्या ताब्यात होतं.” त्याला वाटलं, काही आठवणार नाही. पण आठवलं, चटकन, ऊनच ऊन. ठाकुर्लीचं मैदान, वय वीस-एकवीस, अंगावर माती, समोर सहा जण साखळी धरून. तो डाव्या कोपऱ्यात झुकला, मागचा पाय हवेत उचलला आणि पुढच्या पायाचा अंगठा बोनस रेषेपलीकडे टेकवून, साखळी मिटायच्या आत, परत. एवढंच. कुणाला शिवायचं नाही, कुणाशी झोंबायचं नाही, नुसतं हळूच पलीकडचं अंगण चाखून एक गुण घेऊन यायचं. बोनस ही त्याची खासियत होती. त्या क्षणी सगळं शरीर त्या एका अंगठ्याच्या टोकावर होतं आणि पोट नावाची वस्तू जगात नव्हती. त्याचा श्वास सुटला. ह्या वेळी सगळा.

“ह्या क्षणाला हाताची एक खूण द्या,” आवाज म्हणाला. “जी आपोआप येईल ती.” खुर्चीच्या हातावरचा त्याचा उजवा हात मिटला आणि अंगठा वर उभा राहिला. “सुरेख,” मॅडम म्हणाल्या. “आजपासून ही तुमची कळ. ही कळ फिरवली की पोट शांत.” कळ म्हणताच पोटाने एकदा कान टवकारले, पण बटण ह्या अर्थी आहे असं बहुधा त्याच्या लक्षात आलं. खाली उतरताना धनेश झेरॉक्सच्या दुकानावरून सरळ पुढे गेला. पायरीवर थांबून त्याने खात्री करून घेतली. हाक नव्हती.

आणि तरीही त्याला राग आला. गाडी चालवताना तो राग वाढत गेला. एवढंच होतं? अंगठा? तीन वर्षं, भाऊबंदांची लग्नं चुकवली, पोराच्या कॉलेजात गेलो नाही, भावनाला कुठे नेली नाही, कांदा सोडला, आणि औषध आपल्याच हाताला, नखापाशी? शीळफाट्याच्या जॅममध्ये गाडी अडकली, कळ उठली, त्याने स्टिअरिंगवर अंगठा उभा केला आणि कळ बसली. शेजारच्या टेम्पोवाल्याने उत्तरादाखल त्यालाही अंगठा दाखवला. पुढचे दिवस तो घरात, दुकानात, लिफ्टमध्ये अंगठा वर करत हिंडला. दहा वेळांतून सात-आठ वेळा जमायचं. आवडाबाईने दोन दिवस बघितलं आणि सुनेला विचारलं, “यो कुनाला मत देतंय गो?”

रविवारी संध्याकाळी मैदानावर दिवे लागले. पांढरी पँट त्याने चढवली. मध्यंतरापर्यंत तो पूर्ण बाहेर होता, म्हणजे डोळ्यांत, कानांत, शिट्टीत. मातीचा वास, घामाने चकाकणाऱ्या मांड्या, पुढच्या रांगेत आवडाबाईचा हिरवा चुडा, सगळं त्याला जसंच्या तसं दिसत होतं आणि आपण परत आलो असं वाटत होतं. तिथेच चुकलं. आपण बरे आहोत हे बघायला माणूस आत डोकावतो, आणि डोकावलं की तिथे कुणीतरी असतंच. शेवटच्या मिनिटांत गुणफलकावर बरोबरी झाली आणि पोटाने हाक मारली. नुसती हाक नाही, नाव घेऊन, बापाच्या नावासकट. गावचाच पोरगा चढाईला निघाला होता. समोर सहा जण. तो धनेशच्याच बाजूच्या कोपऱ्यात झुकला. ही रेषा धनेशची, पलीकडच्या पंचाला इथलं काही दिसत नाही. धनेशला कल्याण दिसत होतं, सनई ऐकू येत होती, मांडवामागच्या फिरत्या शौचालयापर्यंतचं अंतर पायांना आपोआप समजत होतं. नाही, तो स्वतःला म्हणाला, निवांत, निवांत. आणि जिना उतरला, एक एक पायरी, ऊन लागलं, माती लागली, मागचा पाय हवेत, पुढचा अंगठा पलीकडे, श्वास सगळा सुटला आणि हात मिटून अंगठा वर उभा राहिला. पोट थांबलं. जादू झाल्यासारखं, शाळेची घंटा झाल्यावर पोरं थांबावीत तसं थांबलं. त्याने डोळे उघडले तेव्हा मैदान उसळलेलं होतं. गुलाल उडाला. गुणलेखकाने गावच्या संघाला बोनसचा गुण लावला होता, कारण पंचाने अंगठा वर केला की बोनस, हे जिल्ह्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

अंगठा अजून वरच होता. त्याने तो खाली घेतला तेव्हा फार उशीर झाला होता. पाहुण्या संघाचा कप्तान तोंडासमोर येऊन ओरडत होता, “पाय कुठे लागला सर? पाय लागलाच नाय!” आणि धनेशला कळलं की आपल्याला माहीत नाही. लागला असेल. नसेलही. तो तिथे नव्हताच, तो ठाकुर्लीला होता. त्याला फक्त गप्प राहायचं होतं. पंचाचा निर्णय अंतिम असतो; शेवटपर्यंत उभं राहायचं होतं, तो उभा होता; घड्याळात मिनिटभर उरलं होतं, गाव जिंकत होतं, पोट शांत होतं, सगळं त्याच्या पदरात पडलं होतं, पुन्हा आयतं. तो चालत श्रीपाद सरांपाशी गेला.

“सर, बोनस नाय.”

“पाय नाही लागला?”

“माहीत नाय. मी बघितलंच नाय.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग अंगठा का वर केलास?”

“तो बोनसचा नव्हता. तो माझा होता.”

“पंचाला स्वतःचा अंगठा नसतो, धनेश.”

“पोटासाठी केला, सर. ठाण्याला मॅडम आहेत, त्या संमोहन करतात. ही खूण केली की पोट थांबतं. कल्याणला झालं ते परत होऊ नये म्हणून...”

समालोचक माइक घेऊन नक्की कधी जवळ आला होता ते सांगता येणार नाही. पण ‘पोट थांबतं’ हे शब्द मैदानाच्या चारी कर्ण्यांतून बाहेर पडले आणि टॉवरवर आपटून परत आले. मग मागून कुणीतरी ओरडलं, “पंचावर मोहिनी घातलीय रे!” हशा उठला, शिट्ट्या उठल्या, गावकऱ्यांकडून अशा काही शिव्या आल्या की ज्यांत त्याच्या आजाची भातशेतीही सुटली नाही. त्या गदारोळातून आवडाबाईचा आवाज उठला, बसलेल्या माणसाचा नाही, उभ्या राहिलेल्या माणसाचा : “गप रावा रं! त्यानं बगलं नाय तं नाय बोलला, तुमी बगलंय क कोनी?” धनेश मान खाली घालून हे सगळं अंगावर घेत होता आणि सवयीने आत वाट बघत होता. आता येईल हाक. आता नाही तर कधी येणार? सगळं बाहेर सांडलं होतं, लपवायला काही उरलं नव्हतं, हजार माणसांना त्याचं आतडं नावानिशी ठाऊक झालं होतं. हाक आली नाही. अंगठा मुठीत होता, तरी आली नाही. त्याचं त्यालाच विचित्र वाटलं, भाडेकरू न सांगता घर सोडून गेल्यासारखं.

त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि सरांपुढे धरली. सरांनी शिट्टीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, समालोचकाच्या हातातला माइक काढून आधी बंद केला. गुणलेखकाला खूण करून बोनसचा गुण खोडायला लावला, चढाई पुन्हा घ्यायला सांगितली आणि दोन्ही कप्तानांना असं काही दटावलं की ते शाळेतल्यासारखे मागे सरकले.

“उभं राहवतंय?” त्यांनी विचारलं. आवाज मऊ नव्हता.

“राहवतंय, सर.”

“शेवटपर्यंत?”

धनेशने आत न बघता उत्तर दिलं. “शेवटपर्यंत.”

“मग घाल ती गळ्यात आणि जा जागेवर.”

डोळ्यांत पाणी घेऊन तो वळला. त्याला वाटलं, सरांनी आता काहीतरी बोलावं, पाठीवर थाप मारावी, म्हणजे हे सगळं कुठेतरी नीट लागेल. रेषेपर्यंत पोचला तोच मागून सरांनी हाक मारली, “धनेश!”

“सर?”

“उरलेलं मिनिटभर तेवढा तो अंगठा खिशात ठेवशील का?”